प्रश्न मुखपट्टीच्या कडेचा आहे

मध्य प्रदेशात करोनाचे पहिले चार रुग्ण आढळले ते आमच्या जबलपुरात, २० मार्च २०२० रोजी. चौघेही परदेशातून परतलेले. त्यानंतरची दोन वर्षे या शहराने, आणि देशातील प्रत्येक शहराने, तोंड झाकून काढली. आज जबलपूरच्या रस्त्यावर झाकलेले तोंड दिसते ते दुचाकीवरून धूळ व ऊन चुकवत जाणाऱ्या मुलींचे. आणि निवृत्तांच्या बैठकीत विषय निघालाच तर दोन तट पडतात. एक म्हणतो, मुखपट्टी नसती तर आपण वाचलो नसतो. दुसरा म्हणतो, ते सारे थोतांड होते. आता मोठमोठ्या अभ्यासांनीही तेच सांगितले आहे. दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांच्या बोलण्यात एक शब्द समान असतो, ‘मुखपट्टी’, जणू ती एकच वस्तू आहे.

ती एक वस्तू नाही. गमछा, दोन पदरी सुती कापड, कानात अडकवायची निळी शस्त्रक्रियेची पट्टी आणि डोक्यामागे दोन पट्ट्यांनी आवळलेला एन-९५ यांना एकच नाव देऊन ‘उपयोग झाला की नाही’ असे विचारणे म्हणजे छत्री, छप्पर आणि झाडाची सावली यांना एकत्र मोजून पावसापासून संरक्षण होते का, असे विचारण्यासारखे आहे. हा प्रश्न केवळ शब्दांचा असता तर मी त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु पुढची साथ येईल तेव्हा जिल्हाधिकाऱ्यासमोर जी नस्ती येईल, तिच्यात याच संदिग्ध शब्दावर खरेदी होईल, आदेश निघतील आणि दंड आकारले जातील. म्हणून हिशेब आताच, शांततेच्या काळात, मांडलेला बरा.

मुळात विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, याविषयी शास्त्राने शंभर वर्षे एक समजूत बाळगली होती. अमेरिकी आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० साली संसर्गाच्या मार्गांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा हवेतून रोग पसरतो ही कल्पना ‘दूषित हवे’च्या जुन्या भीतीशी जोडलेली होती. ती भीती घालवायची, लोकांना हात धुवायला आणि रुग्णापासून अंतर राखायला शिकवायचे, हा चेपिन यांचा हेतू उत्तमच होता. त्या हेतूपायी हवा मात्र निर्दोष सुटली. पुढे खोकल्या-शिंकण्यातून उडणारे जड थेंब हाच श्वसनरोगांचा मुख्य मार्ग मानला गेला. हे थेंब हातभर अंतरावर खाली पडतात आणि तरंगणारे कण ५ मायक्रॉनहून लहानच असतात, असे पाठ्यपुस्तकात ठरून गेले. प्रत्यक्षात झपाट्याने जमिनीवर येतात ते साधारण १०० मायक्रॉनच्या घरातले थेंब. त्याहून लहान कण बोलताना, गाताना, नुसता श्वास घेतानाही बाहेर पडतात आणि बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे भरून राहतात.

अधिकारी म्हणून मला यात सर्वांत बोधप्रद वाटते ती संस्थांची चाल. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी जाहीर करून टाकले की, कोविड-१९ हवेतून पसरत नाही. त्याच महिन्याच्या १० तारखेला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचा सराव झाला होता. हजर ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले, दोघे दगावले. इतक्या जणांनी एकमेकांच्या तोंडावर खोकल्याशिवाय हे कसे घडले, याचे उत्तर जड थेंबांच्या सिद्धान्तात नव्हते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेचा मार्ग मान्य करा, अशी विनंती केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये सांगितले की, सूक्ष्मकण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. तोवर दुसऱ्या लाटेने काय करायचे ते केले होते. संघटनेने हवेतून पसरणाऱ्या रोगांची परिभाषा नव्याने मांडली ती एप्रिल २०२४ मध्ये. नस्ती इतकी हळू फिरते हे मला नवे नव्हते. पण ती जिनिव्हातही आपल्याच वेगाने फिरते, हे पाहून मौज वाटली.

रोग हवेतून येतो हे मान्य केले की मुखपट्टीकडून काय अपेक्षा करायची, हे आपोआप बदलते. थेंब अडवायचे तर तोंडासमोर कोणताही पडदा चालेल. हवा गाळायची तर प्रत्येक श्वास त्या पडद्यातूनच गेला पाहिजे.

लोकांची कल्पना अशी असते की मुखपट्टी ही चाळणी आहे; विषाणू ०.१ मायक्रॉनचा, कापडाची छिद्रे त्याहून मोठी, मग ती अडवणार काय? हा युक्तिवाद मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकला आहे. एक तर विषाणू उघडा फिरत नाही. लाळेच्या, श्लेष्माच्या कणात बसून फिरतो. दुसरे, एन-९५ चाळणीसारखा काम करीत नाही. त्यातील पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंचे जाळे आडवेतिडवे असते. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण हवेत सैरभैर थरथरत असल्याने कुठेतरी चिकटतात, आणि तंतूंवर दिलेला स्थिर विद्युतभार उरलेल्यांना ओढून घेतो. सर्वांत निसटते असतात ते मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण. म्हणून चाचणी त्यांच्यावरच घेतात. त्यांतले किमान ९५ टक्के अडले तर ‘९५’ हे नाव मिळते. घरी साबणाने धुतला की हा विद्युतभार जातो आणि पांढराशुभ्र झालेला एन-९५ आतून जवळजवळ निकामी होतो. किती घरांत ते धुऊन दोरीवर वाळत घातलेले आपण पाहिले!

पण तंतूंची ही सारी करामत फक्त त्यांच्यातून जाणाऱ्या हवेला लागू. हवा, पाण्याप्रमाणेच, सोपी वाट शोधते. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालावर, हनुवटीखाली जिथे फट असेल तिथून ती न गाळता आत शिरते. हे गुपित काही नवे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्को शहराने ऑक्टोबरमध्ये जाळीदार सुती कापडाच्या मुखपट्ट्या सक्तीच्या केल्या, न वापरणाऱ्यांना दंड केला, आणि जानेवारी १९१९ मध्ये तिथे सक्तीविरोधी संघटनाही उभी राहिली. एका शतकानंतर जे घडले त्याची ही रंगीत तालीमच होती. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे विल्फ्रेड केलॉग यांनी मग प्रयोग केले आणि १९२० साली निष्कर्ष छापला. कापडाचे पदर कमी असतील तर ते गाळत नाही. उपयुक्त ठरावे इतके पदर घातले तर श्वास घेणे जड जाते आणि हवा कडेने गळते. सक्तीचे समर्थन करता येईल इतकी परिणामकारकता त्यांना आढळली नाही. माझ्या मते मुखपट्टीवर लिहिले गेलेले हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे, आणि ते मुखपट्टीविरुद्धचे नसून फटीविरुद्धचे आहे.

आता ते गाजलेले अभ्यास. व्हिएतनाममध्ये हनोईच्या १४ रुग्णालयांतील सुमारे १,६०० कर्मचाऱ्यांवर झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की, कापडी पट्टी वापरणाऱ्यांत फ्लूसदृश आजार शस्त्रक्रियेची पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. त्या कापडातून प्रयोगशाळेत ९७ टक्के कण आरपार गेले. डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे सहा हजार जणांवर प्रयोग झाला. मुखपट्टी वापरण्याचा सल्ला मिळालेल्यांत १.८ टक्के, न मिळालेल्यांत २.१ टक्के बाधित झाले. फरक इतका थोडा की त्यावरून काही सिद्ध होत नाही. मात्र सल्ला मिळालेल्यांपैकी सांगितल्याप्रमाणे मुखपट्टी वापरल्याचे निम्म्याहून कमी लोकांनी कळवले, हेही तिथेच नोंदले आहे. बांगलादेशात ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर झालेला प्रयोग आपल्याला सर्वांत जवळचा. तिथे मुखपट्ट्या फुकट वाटल्या, गावात माणसे फिरवून आठवण करून दिली, तेव्हा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेच्या पट्ट्या वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला आणि रक्तचाचणीने सिद्ध झालेला संसर्ग ११ टक्क्यांनी घटला. साठीच्या पुढच्यांत ही घट ३५ टक्के होती. कापडी पट्टीचा लाभ मात्र निर्विवाद दिसला नाही. नॉर्वेत २०२३ मध्ये साडेचार हजारांहून अधिक लोकांनी दोन आठवडे सार्वजनिक जागी शस्त्रक्रियेची पट्टी वापरली किंवा वापरली नाही. सर्दी-खोकल्याच्या तक्रारी ८.९ विरुद्ध १२.२ टक्के अशा निघाल्या.

अशा ७८ प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रन या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला आणि समाजात मुखपट्टीमुळे फारसा फरक पडत नाही, असे मथळे जगभर झळकले. दोनच महिन्यांत त्या संस्थेच्या मुख्य संपादकांना खुलासा करावा लागला की, ‘मुखपट्टी निरुपयोगी आहे’ असा याचा अर्थ लावणे चूक आहे. आढाव्याने तपासले ते मुखपट्टी वापरण्यास प्रोत्साहन देणाऱ्या उपक्रमांचा परिणाम, आणि त्याचेही उत्तर अनिर्णित आहे.

ज्याने आयुष्यभर शासकीय योजना राबवल्या त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मच्छरदाण्या वाटल्या किती आणि त्यांत झोपले किती, शौचालये बांधली किती आणि वापरात किती, या दोन रकान्यांतील दरीतच आमची कारकीर्द गेली. मच्छरदाणी मासे धरायला वापरली गेली म्हणून जाळी डास अडवत नाही, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. मुखपट्टीबाबत तो सर्रास काढला जातो. आणि उलट बाजूचे लोक प्रयोगशाळेतील ९५ हा आकडा घेऊन तो बाजारात, घामात, हनुवटीवर ओढलेल्या पट्टीलाही लागू असल्यासारखे बोलतात. दोन्हीकडे लबाडी नाही. रकाने चुकले आहेत.

एक गोष्ट मुखपट्टीच्या बाजूने निःसंशय सांगता येते. ती वापरणाऱ्याला जितकी वाचवते त्याहून, साधी असली तरी, त्याच्यापासून इतरांना अधिक वाचवते. तोंडातून निघताना कण ओले आणि मोठे असतात, तिथेच पकडले तर सोपे. हवेत सुकून बारीक झाले की दुसऱ्याच्या पट्टीला ते पकडणे कठीण. स्थानकवासी जैन साधूंची मुहपत्ती ही आपल्या श्वासापासून हवेतील जिवांना जपण्यासाठी असते. शस्त्रक्रियेची पट्टीसुद्धा मुळात डॉक्टरच्या श्वासापासून रुग्णाच्या जखमेला जपायला आली. ‘मला काही होत नाही’ म्हणून पट्टी काढणाऱ्याला हे कोणी सांगितले नाही. त्याला दंडाची रक्कम सांगितली.

इथे आपल्या राज्यकारभाराविषयी बोलणे भाग आहे. एप्रिल २०२० मधील निर्णयांना मी नावे ठेवणार नाही. एन-९५ चा तुटवडा होता, ते रुग्णालयांसाठी राखायचे होते, आणि काही नसण्यापेक्षा कापड बरे, हा विचार योग्य होता. पंतप्रधानांनी गमछा तोंडाला बांधून दाखवला. मुंबई महापालिकेने ८ एप्रिलला सक्ती केली. मध्य प्रदेश सरकारने त्याच महिन्यात ‘जीवन शक्ती योजना’ काढून शहरी महिलांकडून ११ रुपयांना एक याप्रमाणे सुती मुखपट्ट्या शिवून घेतल्या. टाळेबंदीत त्यातून अनेक घरांत चार पैसे आले, हे मी कमी लेखत नाही. पण वर्ष उलटले, एन-९५ देशात मुबलक बनू लागले, हवेतून संसर्गाचे पुरावे साचत गेले, तरी आदेशाची भाषा बदलली नाही. तोंडावर काहीतरी असले की नियम पाळला गेला. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी झडपेचे एन-९५ वापरू नका, कारण झडपेतून वापरणाऱ्याचा श्वास न गाळता बाहेर पडतो, असे राज्यांना कळवले होते. तरी त्या झडपा मी दुसऱ्या लाटेपर्यंत अधिकाऱ्यांच्या तोंडावर पाहिल्या. त्या दिसायला रुबाबदार होत्या एवढेच.

साधन बाजूला पडून खूण उरली की असे होते. आमच्या राज्यात ‘रोको-टोको’ मोहीम चालली; चौकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री इंदूरमध्ये म्हणाले की, आपण कार्यक्रमांत मुखपट्टी घालत नाही. मग त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दंड सर्वांत जास्त कुठे झाला? जिथे पोलिसाला उभे राहणे सोयीचे, तिथे: रस्त्यावर, पुलावर, उघड्यावर. ग्वारीघाटावर नर्मदेचा वारा अंगावर घेत एकटा बसलेला माणूस अपराधी ठरत होता, आणि खिडक्या लावून, वातानुकूलन सुरू करून, वीस जणांची ‘कोविड आढावा बैठक’ भरवणारे आम्ही लोक, चहा आला की सगळे एकदम पट्ट्या खाली करीत होतो, नियमात बसत होतो. भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवते. जबलपूरच्या घराघरांतला वाळ्याचा कूलर बाहेरची हवा आत घेतो आणि त्यासाठी दुसरी खिडकी उघडी ठेवावी लागते. साहेबांच्या दालनापेक्षा शिपायाच्या घरची हवा त्या उन्हाळ्यात सुरक्षित होती, हे सांगायला परिपत्रक निघाले नाही.

बांगलादेशच्या प्रयोगातील एक उपनिष्कर्ष आमच्या यंत्रणेने चौकटीत लावावा असा आहे. मोबाइल संदेश, जाहीर फलक, गावाला रोख बक्षिसाचे आमिष, यांपैकी कशाचाही अधिक परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो घरी नेऊन दिलेल्या चांगल्या मुखपट्टीचा आणि समोर येऊन नम्रपणे आठवण करून देणाऱ्या माणसाचा.

हे सारे जुने उगाळण्याचे कारण मला इतिहासाच्या अभ्यासातून मिळते. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जून महिन्यात मुंबई बंदरातून देशात शिरला आणि रेल्वेने पसरला. जबलपूर हे १८७० पासून मुंबई आणि कलकत्ता या दोन लोहमार्गांच्या जोडणीचे स्थानक. सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत ब्रिटिश प्रांतांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक राहिले ते मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या, निम्मा मराठी आणि निम्मा हिंदी बोलणाऱ्या याच भूभागात. देशभरातील बळींचे नंतरचे अंदाज सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान जातात. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतील लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक आहे. त्या काळी आपल्याकडे ना गाळणी होती, ना विषाणू ठाऊक होता. पुढच्या वेळी दोन्ही असतील.

असतील, पण कोणाच्या तोंडावर? निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या साहित्याची पाहणी करण्यासाठी मला बोलावले होते. भांडारात एन-९५ ची खोकी कुलपात होती आणि नोंदवहीत ती डॉक्टर व ‘भेटीस येणारे मान्यवर’ यांच्या नावे वाटलेली होती. संसर्ग कक्षात फरशी पुसणाऱ्या, कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या, मृतदेह बांधणाऱ्या कंत्राटी कामगारांना कापडी पट्टी. विचारले तर उत्तर मिळाले, ‘त्यांच्या मंजुरीत एन-९५ नाही.’ मंजुरीत नसेलही. कक्षातील हवा मात्र डॉक्टर आणि सफाई कामगार दोघे तीच घेत होते, आणि कामगार जास्त वेळ घेत होता.

म्हणून माझे म्हणणे खरेदीपासून सुरू होते. शासकीय निविदेत आज गाळण्याची टक्केवारी आणि दर हे दोन रकाने असतात. सर्वांत कमी दराला काम मिळते. परिणामी कानात अडकवायच्या, एकाच मापाच्या पट्ट्या येतात, कारण त्या स्वस्त पडतात. डोक्यामागून आवळणाऱ्या पट्ट्यांनी कड अधिक घट्ट बसते. परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांच्यात स्त्रिया बहुसंख्य आहेत. पुरुषाच्या मापाचा एन-९५ लहान चेहऱ्यावर गालाशी उघडा राहतो. दाढीवर तो बसतच नाही. कोणाला कोणता बसतो हे तपासायला मोठे यंत्र लागत नाही: डोक्यावर पारदर्शक टोप घालून आत गोड किंवा कडू चवीचा फवारा मारायचा, आणि चव लागली तर फट आहे असे समजायचे. पाश्चात्त्य देशांत कर्मचाऱ्याला अशी चाचणी दिल्याशिवाय संसर्ग कक्षात पाठवत नाहीत. आपल्याकडे किती जिल्हा रुग्णालयांच्या भांडारात हा टोप आणि ती बाटली आहे, याची माहिती एखाद्या आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारून मिळवावी.

सामान्य नागरिकासाठी सक्तीची गरज मला साथीच्या शिखरावर, बंद आणि गर्दीच्या जागांपुरतीच वाटते: रेल्वेचा डबा, बस, न्यायालयाचे आवार, रुग्णालयाची प्रतीक्षागृहे. उघड्यावर ती नसावी. जबलपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांत घामाने भिजलेली पट्टी कोणी दिवसभर नीट घालणार नाही, आणि न पाळता येणारा नियम केला की पाळता येणारा नियमही सोबत बुडतो. साठीच्या पुढच्यांना, मधुमेह्यांना, घरात रुग्ण असलेल्यांना मात्र स्पष्ट सांगावे की तुमच्यासाठी गमछा पुरेसा नाही; एन-९५ घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा, जोरात श्वास सोडा, डोळ्यांवर वारा आला तर पुन्हा बसवा. शिधापत्रिकेवर तांदूळ पोहोचवणारी यंत्रणा अशा वेळी माणशी पाच एन-९५ पोहोचवू शकते.

निविदेचा नमुना बदलायला कायदा लागत नाही, अर्थसंकल्पही फारसा लागत नाही. ‘माप: लहान, मध्यम, मोठे’, ‘पट्टी डोक्यामागून’, ‘झडप नको’, ‘चेहऱ्यावर बसण्याच्या चाचणीचा संच सोबत’ आणि लाभार्थ्यांच्या यादीत ‘कंत्राटी सफाई कामगार’, एवढ्या पाच ओळी आरोग्य विभागाच्या दरपत्रकात घालायच्या आहेत. हे काम अवर सचिवाच्या पातळीवर एका आठवड्यात होते.